आजीच्या हातावरचे आजोबांचे नाव

माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते आणि तिच्या पिढीच्या रीतीप्रमाणे नवऱ्याचे नाव तिने उखाण्याखेरीज कधी उच्चारले नाही. मी आठेक वर्षांचा असताना रेशनकार्डाच्या कामासाठी तिच्याबरोबर गेलो होतो. खिडकीपलीकडच्या कारकुनाने पतीचे नाव विचारले, तेव्हा तिने काही न बोलता पदर सावरला आणि डावा हात त्याच्यापुढे धरला. मनगटाच्या वर तुळशीवृंदावन होते आणि त्याखाली हिरवट पडलेल्या अक्षरांत आजोबांचे नाव. कारकुनाने ते वाचले आणि लिहून घेतले.

हल्ली कोणी हातावर आईचे नाव किंवा विठ्ठलाची मूर्ती गोंदवून घेतली की पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणून त्याची बोळवण केली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. जत्रांमध्ये गोंदण्याचे यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे गोंदणाऱ्या बायका गावोगाव फिरत, सुया एकत्र बांधून काजळीचा रंग कातडीत टोचत आणि वर हळद लावत. कपाळावरचा ठिपका, हातावरची तुळस, भावाचे किंवा नवऱ्याचे नाव, अशा खुणांतून बाईचे माहेर, सासर आणि देव तिच्या अंगावरच नांदत असत. मेल्यावर सोबत येते ते फक्त गोंदण, असे त्या म्हणत. आजोबा गेले त्या दिवशी आजीचे मंगळसूत्र काढून घेतले, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसले. हातावरचे नाव मात्र कोणालाही पुसता आले नाही. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ साली केला, पण आजीच्या वाट्याला तो काळ आला नाही, आणि तिच्याजवळ जे उरले ते त्या अक्षरांपुरतेच उरले.

‘देव मनात असावा, अंगावर कशाला?’ हा प्रश्न मला घरातूनच विचारला गेला आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो. परंतु गळ्यातली तुळशीमाळ आणि कपाळावरचा गोपीचंदनाचा टिळाही अंगावरच असतो. छत्तीसगडमधील रामनामी समाजाला जातीमुळे मंदिराचे दार बंद होते, तेव्हा त्यांनी सर्वांगावर ‘राम राम’ गोंदवून घेतले. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोक मनगटावर क्रूस गोंदवून घेतात. ज्याची श्रद्धा कोणीतरी नाकारलेली असते, त्याला ती केवळ मनात ठेवून भागत नाही, असे मला वाटते.

माझ्या मनगटावर ‘चि.’ एवढेच आहे. वडील नोकरीनिमित्त परगावी असत आणि त्यांच्या प्रत्येक आंतरदेशीय पत्राची सुरुवात ‘चि.’ने होई. ते गेल्यानंतर पत्रांच्या गठ्ठ्यातून एक पत्र निवडून मी त्यांच्याच हस्ताक्षरात ते अक्षर गोंदवून घेतले. गोंदणाऱ्या मुलाने वेलांटी शिरोरेषेला नीट टेकवून देऊ का, असे विचारले. मी नको म्हणालो, कारण घाईत लिहिताना ती त्यांच्याकडून नेहमीच तशी सुटत असे. आता मला ‘चिरंजीव’ म्हणणारे कोणी राहिलेले नाही, पण सकाळी घड्याळ बांधताना ते अक्षर रोज दिसते.

तरीही जुन्या गोंदणाचे केवळ गोडवे गाणे मला मान्य नाही. आजीला कोणी विचारले नव्हते. दोघींनी हात घट्ट धरले होते, गोंदणारी गाणे म्हणत होती आणि आपण रडत होतो, असे तिने मला सांगितले होते. त्या नावावर पुढे तिने जीव लावला, हे खरे. पण ते तिने निवडलेले नव्हते, हेही तितकेच खरे आहे. म्हणून ज्या मुलीला हातावरचे एखादे नाव लेझरने काढून टाकायचे असेल, तिच्याकडेही मला आदरानेच पाहता येते.

माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला पणजीचे तुळशीवृंदावन स्वतःच्या हातावर हवे आहे. अठरा पूर्ण झाल्यावरही हवेसे वाटले, तर मी स्वतः बरोबर येईन आणि नवी सुई आपल्या डोळ्यांदेखत उघडायला लावीन, असे मी तिला सांगितले आहे. तोवर आजीचा एक जुना फोटो तिच्याकडे दिला आहे. त्यात वृंदावन अर्धे पदराखाली गेले आहे, आणि उरलेला अर्धा भाग कसा असेल, हे ती मला विचारून विचारून वहीत काढते आहे.