माझ्याकडे तर येतंय!

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या फाइलीत 'डिफॉल्टडिक्ट' या तयार साधनाचं नाव लिहायला घ्यावं, कोड लिहायच्या एडिटरने खाली पेटी उघडून 'हा कलेक्शन्स नावाच्या संचात असतो, तो मागवायची इम्पोर्टची ओळ वर टाकू का?' असं विचारावं आणि आपण एंटर मारावा, यापलीकडे माझी काही मागणी नव्हती. काल नव्या लॅपटॉपवर एडिटर टाकला. पहिली तीन अक्षरं लिहिली, तर 'डेफ' पुढे करून हा विचारतो, नवं फंक्शन लिहिताय का? चौथं अक्षर लिहिलं आणि पेटी गडप.

"काय रे, अडलंय का काही?" शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

"इम्पोर्टची सजेशन्स येत नाहीयेत."

"माझ्याकडे तर येतात."

यावर माणसाने काय बोलावं? तो मात्र तेवढ्यावर थांबला नाही. स्वतःचा लॅपटॉप उचलून आणला, माझ्या लॅपटॉपला खेटून ठेवला आणि टाइप केलं. पेटी उघडली, कलेक्शन्स दिसलं, त्याने एंटर मारला, वर इम्पोर्टची ओळ हजर. "बघ." मी बघितलं. मग त्याने कंट्रोल झेड दाबून सगळं पुसलं आणि तोच खेळ पहिल्यापासून करून दाखवला. आपल्या पोराकडून पाहुण्यांसमोर कविता म्हणवून घेताना असतो, तसा भाव चेहऱ्यावर.

"आता तुझ्याकडे कर."

केलं. नाही आलं.

"इथे यायला पाहिजे," म्हणत त्याने माझ्या कोऱ्या स्क्रीनवर नखाने टकटक केली. जिथे यायला पाहिजे ती जागा मला पाठ होती. आता तिथे त्याच्या बोटाचा ठसाही आहे.

मग सल्ले सुरू झाले. विंडो रीलोड कर. केलं. इंटरप्रिटर बरोबर निवडलायस का? आता हा प्रश्न एरवी रास्त. इंटरप्रिटर म्हणजे कोड चालवणारा पायथन, आणि एकाच लॅपटॉपवर असे चार नांदत असतात. त्यात २०१२ साली ३.३ आवृत्तीत 'व्हीएन्व्ह' आलं, तेव्हापासून प्रत्येक प्रोजेक्टचं बिऱ्हाड वेगळं. पॅकेज, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, एका बिऱ्हाडात टाकायचं आणि एडिटरने दुसऱ्यात शोधायचं, हे नेहमीचंच. पण कलेक्शन्स पायथनबरोबरच येतं! कुठलाही इंटरप्रिटर निवडा, ते तिथे असणारच. हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग एकदा पिप इन्स्टॉल कलेक्शन्स करून बघ ना."

पिप ही बाहेरची पॅकेजेस आणून टाकणारी आज्ञा! मी कीबोर्ड जवळ ओढून घेतला.

खरं म्हणजे सुचवण्याचं काम एडिटर स्वतः करतच नाही. मागे लँग्वेज सर्व्हर नावाची एक वेगळी प्रोसेस चालते, कोड ती वाचते, आणि दोघांनी आपसात कसं बोलायचं याचे नियम २०१६ साली सगळ्यांसाठी खुले झाले. त्याआधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा स्वतंत्र शिकवावी लागे. सोय मोठी झाली यात वाद नाही. फक्त आता बिघाड झाला की तो नेमका कुणाचा, हे कुणीच सांगत नाही.

आणि बिघाड नव्हताच! सेटिंग्जच्या तळाशी 'ऑटो इम्पोर्ट कम्प्लिशन्स' नावाची एक चौकट सापडली, मुळातच बंद. कारण समजू शकतं: सगळ्या पॅकेजेसमधली नावं गोळा करायला मेमरी लागते, यादी फुगते. ठीक आहे. पण मी पूर्ण नाव हाताने लिहिलं, की लगेच त्याखाली नागमोडी रेघ ओढून 'हे नाव परिभाषित नाही' असं ठणकावून सांगायला हा तयार! कुठे मिळेल ते आपणहून सांगायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. 'ही सोय बंद आहे, चालू करू का?' एवढं एक वाक्य तरी लिहायचं होतं कुणीतरी. ज्यांना ही चौकट माहीत आहे त्यांना ती शोधावी लागत नाही, आणि ज्यांना शोधायची आहे त्यांना तिचं नाव माहीत नसतं.

त्याच्या लॅपटॉपवर ती चालू होती. "मी कधी केली नाही बाबा," तो म्हणाला. नोकरीला लागला तेव्हा कुणीतरी आपली सेटिंग्जची फाइल त्याला दिली होती, ती तशीच चालली आहे. "म्हणजे माझ्याकडे सगळं बरोबरच होतं."

चौकटीत खूण केली. आता पेटी भरभरून उघडते. 'पाथ' लिहिलं तर निरनिराळ्या ठिकाणचे त्याच नावाचे सगळे: पाथलिबचा पाथ, फास्टएपीआयचा पाथ, झिपफाइलचा पाथ, रांगेत उभे. मी वाचत होतो, तेवढ्यात खांद्यावरून एक हात आला आणि "हं, आलं बघ!" म्हणत त्याने एंटर दाबला. झिपफाइलवर, म्हणजे फक्त झिप फाइली उघडणाऱ्यावर. आता माझी साधी सीएसव्ही फाइल झिप नाही म्हणून प्रोग्राम आदळआपट करतोय, आणि हा मीटिंगला गेलाय.