‘बाटली, जेट आणि बटण’ एवढ्यावर नायट्रस चालत नाही

इंजिनाचा जोर वाढवायला त्यात नायट्रस ऑक्साइड हा गॅस सोडतात. त्याबद्दल गाडीवेड्यांमध्ये एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: ‘नायट्रस ही सगळ्यात सोपी ताकद. गॅस स्वतः जळतो, म्हणून जोर मिळतो. वेट किट घ्या, मग पेट्रोलची काळजी नाही. ड्राय किट मात्र इंजिन फोडतं. धडधाकट स्टॉक (कंपनीतून आलेलं मूळ) इंजिन १५० चा शॉट (१५० हॉर्सपॉवरची भर) सहज पेलतं. बाटली जितकी तापवाल तितकी गाडी पळेल. टायमिंगला हात लावू नका. बटण कधीही दाबा.’

अशाच सल्ल्यांवर विसंबून चांगली इंजिनं फुटतात आणि दोष नायट्रसच्या माथी जातो. रोज रस्त्यावर चालणारी आणि अधूनमधून ड्रॅगला (सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीला) उतरणारी गाडी असेल तर नियोजन आणखी काटेकोर हवं, कारण तेच पिस्टन, तोच पंप आणि पंपावरचं तेच पेट्रोल दोन्हीकडे वापरायचं असतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘गॅस स्वतः जळतो.’ नाही. नायट्रस ऑक्साइड पेट घेत नाही, तो दुसऱ्याला जळायला मदत करतो. ४४ ग्रॅम नायट्रसमध्ये १६ ग्रॅम ऑक्सिजन असतो, म्हणजे वजनाने सुमारे ३६ टक्के. हवेत तो २३ टक्के असतो. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर रेणू तुटू लागतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांवर जीएम-१ नावाची नायट्रसची योजना होती, तीही उंचावरच्या विरळ हवेत कमी पडणारा ऑक्सिजन भरून काढायलाच. जोर येतो तो जास्तीचं पेट्रोल जाळल्यामुळे. हे पेट्रोल पोचलं नाही तर उरलेला ऑक्सिजन पिस्टनच्या अॅल्युमिनियमवर तुटून पडतो. एवढी एक गोष्ट नीट समजली की त्या मजकुरातल्या बाकीच्या चुका आपोआप दिसू लागतात.

‘वेट किट घेतलं की पेट्रोलची काळजी नाही.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. वेट किट नायट्रससोबत जास्तीचं पेट्रोलही फवारतं. ते पेट्रोल कुठून आणतं? त्याच टाकीतून, त्याच पंपाने, बहुतेक वेळा त्याच लाइनमधून. १ किलो पेट्रोल पुरतं जाळायला हिशोबाने सुमारे ९.६ किलो नायट्रस लागतो. किट मुद्दाम याहून बरंच रिच (पेट्रोल जास्त) ठेवलेलं असतं, कारण जास्तीचं पेट्रोल ज्वलन थंड ठेवतं. १०० हॉर्सपॉवरच्या शॉटला ताशी साधारण २५ किलो, म्हणजे ३३ लिटरच्या आसपास पेट्रोल धरा, आणि तेही इंजिन आपल्या पूर्ण जोरावर पीत असताना वरचं. पंपाच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या नळीचा असतो. दाबाविरुद्ध ढकलताना तोच पंप कमी देतो.

तपासणी अवघड नाही. इंजिन थंड असताना, ठिणगीची शक्यता नसलेल्या मोकळ्या जागी, किटच्या पेट्रोल सोलेनॉइडच्या (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पुढची नळी सोडवा. तिच्या टोकाला वापरायचा तोच जेट (मापाच्या छिद्राचा तुकडा) बसवा आणि ते टोक मापाच्या डब्यात सोडा. बॅटरीला चार्जर लावून व्होल्टेज चालू इंजिनाइतकं ठेवा, नाहीतर पंप सुस्त चालतो आणि आकडा चुकतो. सोलेनॉइड ३० सेकंद उघडा. वरच्या हिशोबाने १०० च्या शॉटला २७५ मिलिलिटरच्या आसपास यायला हवं. शेवटचा शब्द किटच्या जेट तक्त्याचा. गेजवरचा दाब पेट्रोल वाहत असतानाच वाचा. कार्ब्युरेटरच्या किटवर बंद नळीत ७ पीएसआय (दाबाचं एकक) दिसतात आणि जेट उघडला की ४ वर उतरतात, असं सर्रास घडतं. रेग्युलेटर बंद नळीवर लावला असेल तर गाडी पहिल्याच रनला लीन जाते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. ही चाचणी इंजिन बंद ठेवून होते, इंजिनाचा स्वतःचा खप तिच्यात येत नाही. त्यामुळे पूर्ण थ्रॉटलवरचा दाबही नंतर गेजवर किंवा लॉगमध्ये पाहावा लागतो. आणि पेट्रोलचा दाब ठरलेल्या पातळीखाली गेला की नायट्रस तोडणारा प्रेशर स्विच बसवाच.

ड्राय किट इंजिन फोडतं, हेही अर्धवट सत्य आहे. ड्राय किटमध्ये इनटेकमध्ये फक्त नायट्रस जातो आणि जास्तीचं पेट्रोल इंजेक्टर देतात. इंजेक्टरची ड्यूटी सायकल (तो उघडा राहण्याच्या वेळेचं प्रमाण) शॉट धरून ८०–८५ टक्क्यांच्या आत राहत असेल आणि ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) जास्तीच्या पेट्रोलचा हिशोब शिकवलेला असेल, तर ड्राय किट व्यवस्थित चालतं. उलट ज्या मॅनिफोल्डची (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागाची) लांब, वाकडी नळी फक्त हवेसाठी बनवली आहे, त्यात थ्रॉटलजवळून पेट्रोल फवारलं की ते वळणावर साचतं. एखादा सिलिंडर लीन, एखादा रिच, आणि एका बॅकफायरला प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड फुटून तुकडे. निवड मॅनिफोल्ड आणि इंजेक्टर पाहून करावी, अफवा ऐकून नव्हे. मोठ्या शॉटसाठी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नोजल देणारं डायरेक्ट पोर्ट हाच नीट मार्ग.

‘स्टॉक इंजिन १५० सहज पेलतं.’ कोणतं इंजिन? आठ सिलिंडरच्या ५.७ लिटर इंजिनावर १५० म्हणजे सिलिंडरमागे १९ हॉर्सपॉवर. चार सिलिंडरच्या २ लिटर इंजिनावर तोच शॉट सिलिंडरमागे ३७ होतो. मोजायचं ते सिलिंडरमागे. कास्ट (ओतीव) किंवा हायपरयुटेक्टिक (जास्त सिलिकॉनच्या ओतीव) पिस्टनच्या चार सिलिंडर इंजिनावर ५० ने सुरुवात करावी, ७५ च्या पुढे जाण्याआधी पिस्टनचा विचार करावा. आठ सिलिंडरला पहिला टप्पा १०० पुरे.

कास्ट पिस्टन मोडतो तो बहुतेकदा वरच्या रिंगच्या कपारीवर, आणि त्यामागे रिंगचा गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) असतो. १०० मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) साध्या इंजिनात वरच्या रिंगचा गॅप ०.४५ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. नायट्रसने रिंग जास्त तापते, फुगते, तिची दोन टोकं एकमेकांना भिडतात. पुढे जायला जागा नसल्याने ती बोअरला घट्ट धरते आणि वर जाणारा पिस्टन आपलीच कपार तोडून घेतो. बाहेरून पाहणारा म्हणतो ‘नायट्रसने पिस्टन फोडला’. प्रत्यक्षात कमी पडलेली असते ०.१ ते ०.२ मिलिमीटर जागा. इंजिन उघडणारच असाल तर ०.५५ ते ०.७० पर्यंतचा गॅप, शॉट आणि पिस्टन बनवणाऱ्याचा तक्ता पाहून, तेव्हाच ठेवून घ्या.

‘बाटली जितकी तापवाल तितकी गाडी पळेल.’ बाटलीतला दाब तापमानावर ठरतो: २० अंशांना सुमारे ७३० पीएसआय, ३० अंशांना ९०० च्या थोडा वर. बहुतेक किट ९०० ते ९५० वर ट्यून केलेली असतात. आता ९५० वर जुळवलेली बाटली ११०० पर्यंत तापवली असं समजा. प्रवाह ढोबळमानाने दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे नायट्रस ७–८ टक्के जास्त. पेट्रोलचा जेट आणि दाब मात्र तोच. जोर थोडा वाढल्यासारखा वाटतो, कारण मिक्श्चर लीनकडे सरकतं. पुढची पायरी नॉकिंगची, म्हणजे मिश्रण आपोआप अवेळी भडकण्याची. थंड बाटलीत उलटं होतं: ७०० पीएसआयला नायट्रस सुमारे १४ टक्के कमी, गाडी रिच आणि मंद.

त्यात ३६.४ अंश ही नायट्रसची क्रांतिक सीमा आहे. तिच्या वर बाटलीत द्रव उरतच नाही, आणि द्रवावर बेतलेल्या जेटचा हिशोब कोलमडतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत हे तापमान सहज गाठलं जातं, म्हणून प्रेशर गेज ड्रायव्हरला दिसेल असं लावा. तापवायचं असेल तर थर्मोस्टॅट किंवा प्रेशर स्विच असलेलं ब्लँकेट हीटर वापरा. गॅसच्या ज्वाळेच्या टॉर्चने बाटली कधीही तापवू नका. ज्वाळेने अॅल्युमिनियमची ताकद उतरते आणि ती हानी डोळ्यांना दिसत नाही; आतला गॅस जास्त तापला तर तो स्वतःच उष्णता सोडत विघटित होऊ शकतो. एनएचआरए या अमेरिकी संघटनेचे ड्रॅगचे नियमही थर्मोस्टॅटच्या ब्लँकेटखेरीज बाहेरून तापवायला मनाई करतात.

बाटली वजनावर भरा. ४.५ किलोच्या बाटलीत ४.५ किलोच, वरची मोकळी जागा द्रव फुगायला ठेवलेली असते. ती बसवताना व्हॉल्व्ह पुढे आणि साधारण १५ अंश वर, लेबल आकाशाकडे, म्हणजे जोरात पळताना मागे सरणारा द्रव आतल्या नळीच्या तोंडाशीच राहतो. सेफ्टी डिस्कची (जास्त दाबाला फुटणाऱ्या चकतीची) वाट नळीने गाडीबाहेर काढा. बंद केबिनमध्ये बाटली फुसकली तर ड्रायव्हर गुदमरतो.

‘टायमिंगला हात लावू नका.’ टायमिंग म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. नायट्रसचं मिश्रण जलद जळतं, त्यामुळे सर्वोच्च दाब पिस्टन वर येतानाच गाठला जातो. दर ५० हॉर्सपॉवरला २ अंश टायमिंग मागे, हा सुरुवातीचा नियम. एकूण ३४ अंशांवर चालणारं इंजिन १०० च्या शॉटला ३० वर, १५० ला २८ वर. स्ट्रीट गाडीत हे फक्त नायट्रस चालू असतानाच व्हावं, नाहीतर रोजची गाडी सुस्त होते. ईसीयूचा दुसरा नकाशा किंवा रिटार्ड बॉक्स ते काम करतो. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा), १५० च्या आसपास दोन. गॅप ०.७५ ते ०.९ मिलिमीटर, कारण वाढलेल्या दाबात ठिणगीला मोठी दरी ओलांडता येत नाही. पुढे आलेल्या टोकाचे, लांब पट्टीचे प्लग टाळा. ती पट्टी लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते.

पहिला शॉट सगळ्यात लहान, नवे प्लग घालून. रनच्या शेवटी तिथेच इंजिन बंद करा, गाडी घरंगळू द्या आणि प्लग काढून भिंगाखाली पाहा. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके म्हणजे नॉकिंग सुरू झालं आहे. चकाकणारे बारीक मणी दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे, तिथेच थांबा. कडा वितळलेली पट्टी जास्त टायमिंग किंवा लीन मिश्रण सांगते. सगळे प्लग सारखे आणि स्वच्छ असतील तरच पुढचा जेट.

‘बटण कधीही दाबा.’ जेटमधून नायट्रस वेळेनुसार वाहतो, आरपीएमनुसार नव्हे. १०० च्या शॉटला सेकंदाला साधारण ४४ ग्रॅम. चार सिलिंडरच्या इंजिनात ५००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरच्या प्रत्येक घोटात त्यातला ०.२६ ग्रॅम येतो, २५०० ला ०.५३. टॉर्कच्या भाषेत तेच १०० हॉर्सपॉवर ५००० ला १४२ न्यूटन-मीटरची भर घालतात, २५०० ला २८५ ची. वाकलेले कनेक्टिंग रॉड इथे तयार होतात. म्हणून विंडो स्विच, म्हणजे ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच नायट्रस सोडणारा स्विच: ३००० च्या वर सुरू, रेव्ह लिमिटरच्या किमान २०० आरपीएम आधी बंद. लिमिटरने पेट्रोल तोडलं आणि नायट्रस वाहत राहिला तर क्षणात लीन. ठिणगी तोडली तर न जळलेलं मिश्रण एक्झॉस्टमध्ये. त्याच सर्किटमध्ये पूर्ण थ्रॉटलचा स्विच आणि वर सांगितलेला पेट्रोल प्रेशर स्विच. सोलेनॉइडचा करंट रिलेमधून घ्या, बटणातून नको.

जोडणी करताना पाइप थ्रेडवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिची चिंधी सुटून जेटमध्ये किंवा सोलेनॉइडच्या सीटवर (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या जागी) अडकते. पेस्ट सीलंट वापरा, आणि फ्लेअर जोडांना काहीच लावू नका. बाटलीच्या बाजूला फिल्टर हवाच. सीट गळू लागली तर बंद गाडीच्या मॅनिफोल्डमध्ये नायट्रस साचतो आणि पुढच्या स्टार्टला स्फोट होतो. शंका आली तर पेट्रोल पंप आणि इग्निशन दोन्ही तोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि इंजिन काही सेकंद नुसतं स्टार्टरवर फिरवा.

रनच्या आधी पर्ज करा (लाइनमधून थोडा नायट्रस बाहेर सोडा), म्हणजे लाइनमधली वाफ निघून द्रव सोलेनॉइडपर्यंत येतो. नाहीतर पहिला क्षण रिच जातो. रन संपल्यावर बाटलीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि पर्जनेच लाइन रिकामी करा. रस्त्यावर गाडी नेताना व्हॉल्व्ह असाच बंद राहायला हवा.