मॅडम, फोटो टाका ना

मूल सहावीत आहे आणि सहलीचं पत्रक हाती आलंय? अभिनंदन. आता तयारीला लागा. मुलाच्या नव्हे, स्वतःच्या. आमच्या शाळेची कान्हेरीच्या लेण्यांची सहल गेल्या बुधवारी पार पडली, त्या ताज्या अनुभवातून चार सूचना देतो.

सर्वात आधी ठिकाणाला नाक मुरडा. "बोरिवलीतच? रिसॉर्ट नाही? रेन डान्स नाही?" प्राचीन भारताचा इतिहास यंदा अभ्यासाला आहे, असं बाईंनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवलं की अंगठा टाका. दहा मिनिटांनी तेच पुन्हा विचारा.

लेणी ज्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत तिथे बिबटे आहेत, हे शाळेला ठाऊक नसणारच. कळवा.

पत्रकात 'वेफर्सची पाकिटं नकोत' असं लिहिलेलं असतं, ते इतरांसाठी. आपण पाच द्या. कान्हेरीच्या माकडांनाही पोट आहे.

संमतीपत्रावर न वाचता सही ठोका आणि आदल्या रात्री साडेअकराला ग्रुपवर विचारा, "युनिफॉर्म की रंगीत कपडे?"

आता मुख्य विषय. फोटो. बस शाळेच्या गेटबाहेर पडली की सात मिनिटांच्या आत पहिलं "मॅडम, फोटो टाका ना" गेलंच पाहिजे. ५२ मुलं, दोन बाई आणि एक मावशी, म्हणजे बाईंना हातच हात मोकळे! पहिला फोटो आला की लिहा, "आमचा दिसत नाहीये." दुसरा आला की, "हिची टोपी कुठाय?" तिसऱ्याला, "चेहरा का उतरलाय? कोणी काही बोललं का?" आमच्याकडे दुपारी बारापर्यंत १३७ मेसेज झाले होते.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन बाजूंना दोन भव्य बुद्ध उभे आहेत, मान वर करून बघावे लागतील एवढे. आमच्या मुलांनी त्यांच्याकडे पाठ करून चार फोटो काढले. मागच्या रांगेतले तिघे नीट आले नाहीत म्हणून पाचवा. मान वर करायचं राहूनच गेलं. लेण्यांच्या शेजारी खडकात पाण्याच्या पोढ्या, म्हणजे टाकी, कोरल्या आहेत. डोंगरावर पडणारं पावसाचं पाणी पन्हळींनी त्यांत उतरवलेलं आहे, म्हणून तर भिक्षूंना तिथे वर्षभर राहता आलं. बाईंनी त्यावर हाताने चित्र काढून एक कागद केला होता, 'पन्हळ कुठून कुठे जाते ते शोधा.' तो कागद माझ्या मुलाच्या दप्तरातून कोराच परत आला. "वेळच नाही मिळाला बाबा, सारखे फोटो होते."

पावणेचारला बाईंच्या फोनची बॅटरी मेली.

मग काय विचारता! एक बाबा पोलीस स्टेशनला निघाले. एका आईला पुन्हा बिबट्या आठवला. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, बंद फोनला अकरा वेळा फोन लावला. बस हायवेवर अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये उभी होती आणि आत भेंड्या रंगल्या होत्या.

सव्वासहाला बस आली. ५२ च्या ५२ उतरली. बाई सगळ्यात शेवटी उतरल्या, घसा बसलेला, केस विस्कटलेले. त्यांना पहिलं वाक्य काय ऐकायला मिळालं? "मॅडम, आमच्या पिल्लूचा एकही सिंगल फोटो नाही."

अहो, लाज वाटत नाही? ज्या डोळ्यांवर आपण पोरं सोपवली, तेच डोळे दिवसभर स्क्रीनवर खेचून ठेवले आपण! पोढ्यांत पाणी असतं. फोटोसाठी "मागे सरका, मागे सरका" करताना एखादं पोर आत गेलं असतं, तर शाळेच्या दारात दगड घेऊन पहिले आपणच उभे राहिलो असतो. आमच्या आया सहलीला सोडून घरी जायच्या. त्यांनाही घोर लागायचाच, पण त्या भाकऱ्या थापत बसायच्या, बाईंचं डोकं खात नव्हत्या. एक दिवस, फक्त एक दिवस, फोन खाली ठेवता येत नाही? आणि त्या बाईंना 'दमलात का' एवढं विचारायला काय पैसे पडतात?

येत्या रविवारी मी मुलाला घेऊन पुन्हा कान्हेरीला चाललोय. तो कोरा कागद बरोबर आहे. फोटो टाकणार नाही, मागू नका.