बर्फावर तारीख छापलेली असते का? हो, असते

"हिमनद्या वितळतायत ही थाप आहे" असा लांबलचक मेसेज चार दिवस फिरतोय, मी लक्ष देत नव्हतो. काल तो मावशीने पाठवला, जिने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, आणि खाली लिहिलं "यात तथ्य वाटतं रे". मग मात्र राहवलं नाही.

पहिला मुद्दा, "२०३५ चा आकडा खोटा निघाला". निघाला, बाबा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २००७ च्या रिपोर्टमध्ये हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील असं धड न तपासलेलं वाक्य होतं, ते २०१० मध्ये मागे घ्यावं लागलं. लाजिरवाणीच चूक. पण म्हणून बर्फ वितळायचं थांबलं का?

"काराकोरममध्ये बर्फ वाढतंय" हे अर्धं खरं. तिथल्या काही हिमनद्या बरीच वर्षं टिकून होत्या, काही वाढल्यासुद्धा, आणि हे शास्त्रज्ञांनीच सांगितलंय. बाकीच्या हिमालयाचं काय? २०१९ साली सायन्स अ‍ॅडव्हान्सेस या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला, अमेरिकेच्या हेर उपग्रहांनी १९७० च्या दशकात काढलेले फोटो घेऊन ६५० हिमनद्या तपासल्या, तर २००० नंतर बर्फ घटायचा वेग आधीच्या २५ वर्षांच्या दुप्पट. ते फोटो शीतयुद्धाच्या कामासाठी काढलेले, त्यात कसली आलीय थाप?

"दर हिवाळ्यात बर्फ परत पडतंच." पडतं की. उन्हाळ्यात किती जातं ते वजा करायचं राहिलं.

आता मेसेजमधलं सगळ्यात भारी वाक्य: "बर्फात भोक पाडून हजार वर्षांपूर्वीचं हवामान सांगतात, बर्फावर काय तारीख छापलेली असते?" अहो, असते! पोकळ ड्रिलने बर्फाचा लांब दांडा बाहेर काढतात, तोच आईस कोर. कोरड्या ऋतूत धूळ बसते, नंतर बर्फ, असे थर मोजत खाली जायचं. लॉनी थॉम्पसन या अमेरिकन हिमनदी-शास्त्रज्ञाच्या टीमने १९९७ मध्ये तिबेटात दासुओपू हिमनदीवर, ७,००० मीटरच्या वर, असे कोर काढले, तर १७९० ते १७९६ च्या थरांत धूळ आणि क्लोराइड (क्षार) भरमसाट, म्हणजे जमीन कोरडी पडलेली, मान्सून दगा देत होता. आणि १७९१-९२ चा भारतातला कवट्यांचा दुष्काळ इतिहासात वेगळा नोंदलेला आहेच. हा काय अंदाजपंचे कारभार?

दुसरी तारीख तर आपणच छापलीय. १९५० आणि ६० च्या दशकात अणुचाचण्या झाल्या, त्यांची किरणोत्सारी धूळ जगभरच्या बर्फावर बसली, त्यामुळे कोरमध्ये तो थर आधी शोधतात. मानसरोवराच्या दक्षिणेला गुर्ला मांधाता शिखर आहे, म्हणजेच नैमोनान्यी, तिथला २००६ चा कोर तपासला तर तो थर सापडलाच नाही. धूळ तिथेही पडलीच असणार, पण ज्या बर्फावर पडली ते बर्फच उरलेलं नाही. आणि ही जागा ६,००० मीटरच्या वर, जिथे बर्फ साचत जायला हवं.

राहिलं "हवामान पूर्वीही बदलायचं". हो, पण हे कळलं कुठून? ज्यांची खिल्ली उडवताय त्याच कोरमधून. अंटार्क्टिकाच्या कोरमध्ये ८ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड साधारण १८० ते ३०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) मध्येच अडकलेला दिसतो, आज ४२० च्या वर आहे. हे वाक्य मेसेजमधून बरं गळलं.

मावशीला हे सगळं पाठवलं. तिचा एकच प्रश्न आला, "मग गुर्ला मांधात्यावर आज जे सगळ्यात वरचं बर्फ आहे, ते कधीचं?"

निदान १९५० च्या आधीचं, मावशी.