जिवाणूंना यशस्वी म्हटल्याने माणूस लहान होत नाही

नमस्कार सर,

तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. जिवाणू हे पृथ्वीवरचे सर्वांत यशस्वी जीव आहेत, हे माझं विधान तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नुसत्या संख्येवर यश ठरवायचं तर वाळूचे कणही यशस्वी म्हणावे लागतील. उत्क्रांतीच्या शिडीवर जिवाणू पहिल्या पायरीवरच राहिले, माणूस मात्र वर पोचला. आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनींनंतर मिळणाऱ्या नरदेहाला जिवाणूंच्या पंगतीला बसवलं, तर वर्गातल्या मुलांना नीती कशाच्या आधारावर शिकवायची?

वाळूचा मुद्दा बिनतोड आहे. २०१८ मध्ये पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांमधल्या कार्बनचा एक हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात जिवाणूंच्या वाट्याला सुमारे ७० अब्ज टन आले आणि अख्ख्या मानवजातीच्या वाट्याला ०.०६ अब्ज टन. पण त्याच हिशेबात वनस्पती ४५० अब्ज टनांवर आहेत, तेव्हा वजनाच्या जोरावर मी काही सिद्ध करू पाहत नाही. कुणावाचून कुणाचं अडतं, एवढंच मला विचारायचं आहे.

सोयाबीन फुलोऱ्यात असताना एक झाड मुळाभोवतालच्या मातीसकट हलक्या हाताने काढून बघा. मुळांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी लागलेल्या दिसतील. एखादी गाठ नखाने फोडली तर आतून ती गुलाबी, लालसर निघते. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्याच प्रथिनाचा. गाठीत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) बळावर ते हे करतात, तो ऑक्सिजनने निकामी होतो. म्हणून झाड हे लाल प्रथिन तयार करून ऑक्सिजन बांधून ठेवतं आणि जिवाणूंना श्वसनापुरता, बेताबेताने पुरवतं. पेरणीआधी गुळाच्या पाण्यात जिवाणू संवर्धक कालवून आपले शेतकरी बियाण्याला चोळतात, ते याचसाठी.

आपल्या भोवतालच्या हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण तिथून तो थेट उचलणं कोणत्याही प्राण्याला जमत नाही, वनस्पतीलाही नाही. निसर्गातलं हे काम जवळजवळ सगळं जिवाणू आणि त्यांच्यासारखे सूक्ष्मजीव करतात; विजेच्या कडकडाटातून मिळतो तो वाटा थोडका. आपल्या स्नायूंतला नत्र वरणातून आला असेल तर त्याच्या मागे अशीच एखादी गाठ असण्याची शक्यता मोठी आहे.

यावर तुम्ही म्हणाल की माणसानेही हे साधलं. साधलंच, आणि त्याचा मला अभिमान आहे. रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवून दाखवला आणि १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ इथे त्याचा कारखाना सुरू झाला. आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं अन्न त्या वाटेने आलेल्या खतावर पिकतं. त्यासाठी ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. गाठीतला जिवाणू तेच काम शेतातल्या मातीच्या तापमानाला करतो. शिवाय ज्या ऑक्सिजनवर आपण जगतो, तोही आधी सायनोबॅक्टेरिया या सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंनीच सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत साठवायला सुरुवात केली. उद्या माणूस नाहीसा झाला तर आपल्या आतड्यातल्या काही जाती आपल्याबरोबर जातील, बाकीच्यांना पत्ताही लागणार नाही. जिवाणू नाहीसे झाले तर आपला टिकाव लागणार नाही. मी यश म्हणतो ते याला.

आता शिडी. आजचा जिवाणू हा आपला मागे राहिलेला पूर्वज नाही. त्याच्या आणि आपल्या वंशाला सारखाच काळ मिळाला आहे आणि तोही सतत बदलत आला आहे. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी अमेरिकेत १९८८ मध्ये ई. कोलाय या जिवाणूच्या एकाच मुळापासून १२ वेगळ्या वसाहती वाढवायला घेतल्या. रोज ताजं पोषक द्रावण आणि त्यात मोजकं ग्लुकोज. त्या द्रावणात सायट्रेटही होतं, पण ऑक्सिजन असताना ई. कोलायला ते खाता येत नाही. ३१ हजारांहून जास्त पिढ्यांनंतर बारांपैकी एका वसाहतीने ते खायला सुरुवात केली. सुरुवात तीच, खाणंपिणं तेच, तरी एकालाच ही वाट सापडली. आधीच ठरलेलं शिखर गाठायला निघालेली प्रक्रिया अशी चालत नाही. आपण उभे आहोत ती उत्क्रांतीची अनेक फांद्यांपैकी एक फांदी आहे.

आणि ती फांदी तरी निर्भेळ आपली कुठे आहे? आपल्या पेशींना ऊर्जा देणारी मायटोकॉन्ड्रिया कधीकाळी स्वतंत्र जिवाणू होती. त्यांचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए आजही आपल्या पेशींत आहे आणि तो आईकडून येतो. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की बाळाला त्या पचतच नाहीत. त्या पोसतात बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियांना. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या कल्पनेतही एकच जीव सगळ्या देहांतून फिरतो ना? मग हे नातं परंपरेलाही परकं नाही.

राहिली नीती. ‘तू सृष्टीचा मुकुटमणी आहेस, म्हणून चोरी करू नकोस’ असं तुम्ही वर्गात कधी सांगितलं असेल, असं मला वाटत नाही. ज्याचं चोरीला जातं त्याला काय वाटतं, हेच आपण मुलांना विचारतो. दुसऱ्याचं दुःख समजून घेणं, चूक-बरोबर ठरवणं, ३५० कोटी वर्षांचा मागचा इतिहास दगडांतून वाचणं हे जिवाणूला येत नाही, माणसाला येतं. हे वेगळेपण मला पूर्ण मान्य आहे. मात्र सगळी सृष्टी आपल्यासाठी घडली, हे त्यातून निघत नाही. शिडीची मला भीती वाटते ती यामुळे, की एकदा ती मान्य केली की तिच्या खालच्या पायऱ्यांवर माणसंही बसवली जातात. आपल्या समाजाने हे पिढ्यानपिढ्या केलं आहे, आणि तेही जन्माचा दाखला देऊनच.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, असं तुम्ही लिहिलं आहे. हा आकडा बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांतही छापला जात होता. २०१६ मध्ये नव्याने केलेल्या हिशेबानुसार सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जिवाणू, म्हणजे जवळपास बरोबरी. त्या सगळ्या जिवाणूंचं वजन पाव किलोच्या आतच भरतं. वर्गात सांगत असाल तर आता हा आकडा सांगा.