तीन हजारात टँकलेस गिझर? दाजी, जरा हिशोब मांडू की

थंडी पडली की आमच्या घरच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात, एक हुरड्याचे फोटो अन् दुसरं गिझरचं फॉरवर्ड. यंदाचं लातूरच्या दाजींनी टाकलं, त्यांना कुणी टाकलं देव जाणे, पण आठ दिवसात तेच मला ऑफिसातून आलं, शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर आलं अन् परवा दूधवाल्यानं पण पाठवलं. मजकूर थोडक्यात असा: "टाकीवाला गिझर आजच काढून फेका, टँकलेस बसवा. सगळा खर्च फक्त ३००० रुपये. लाईट बिल ४० टक्के कमी. कितीही जण अंघोळ करा, गरम पाणी संपतच नाही. २० वर्षं मेंटेनन्स शून्य. लाईटचा नको असेल तर गॅसचा घ्या, एक सिलिंडर चार महिने जातो अन् बाथरूममध्येच बसतो." खाली हात जोडलेले चार-पाच इमोजी.

दाजींनी खाली लिहिलं, "घ्यायचा का रे?" म्हणून हे सगळं लिहितोय. मी दोन वर्षांमागं परभणीच्या घरात हाच उद्योग करून बसलोय, बिलं अजून डब्यात आहेत.

आधी एक गोष्ट. आपल्याकडं दुकानात जाऊन टँकलेस म्हणलं की दुकानदार दोन वस्तू काढतो. एक ३ लिटरचा इन्स्टंट, ज्याच्यात खरं तर बारकी टाकी असतीच. दुसरा गॅस गिझर, त्यात मात्र टाकी नाही, तांब्याच्या नळीतून पाणी जातं अन् खाली जाळ. दोन्हीचा खर्च वेगळा, धोका वेगळा, अन् फॉरवर्डवाल्यानं सगळं एकाच पातेल्यात ढवळलंय.

आता ३००० चं बघू. तीन हजाराला डबा येतो हे खरंय, मला ३३०० ला पडला. पण डबा भिंतीला टांगून पाणी गरम होत नाही ना. हा ३ किलोवॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला १३ अँपिअर ओढतो, त्याला मोठा १६ अँपिअरचा पॉवर प्लग लागतो अन् मीटरपासून न्हाणीपर्यंत किमान अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची तार. आमच्या न्हाणीत होती ती बल्बची लाईन, बापानं घर बांधलं तेव्हा न्हाणीत एक बल्ब पुरे होता, बाहेर बंब पेटायचा. इलेक्ट्रिशियन पोरगं आलं, बोर्ड उघडला, तार बघितली अन् म्हणलं, "काका, ह्याच्यावर लावला तर पाणी नाही, तारच गरम होईल." मग १४ मीटर नवी लाईन, तीन तारा, १८०० रुपये. २० अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) डब्बीसकट ४५०, स्विच सॉकेट ३५०, पट्टी मारून लाईन ओढायची मजुरी १२००. प्लंबर वेगळा, त्याचे ८००, दोन अँगल कॉक ६००, कनेक्शन पाईपची जोडी ४००, गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाईपचे तुकडे अन् एल्बो बिल्बो ३५०. झाले ९२५०. त्यात टेस्टरनं बघितलं तर अर्थिंग नावालाच, खड्डा कोरडा ठाक, मग नवीन अर्थिंगचे २०००. एकूण ११,२५०. फॉरवर्डच्या पावणेचारपट, अन् ह्यात टाईल्सला पडलेली चीर धरलेली नाही, तिच्यावरून घरात जे ऐकलं ते तर नाहीच नाही.

हां, एक गोष्ट कबूल. ज्याच्या बाथरूममध्ये आधीच चांगली जाड लाईन, पॉवर प्लग अन् अर्थिंग आहे, जुना गिझर काढून त्याच जागी नवा लावायचाय, त्याचं चार-साडेचार हजारात निघू शकतं. म्हणजे आकडा सगळ्यांना खोटा नाही, पण आपल्याकडच्या जुन्या घरांना अन् गावातल्या घरांना तो लागू नाही, अन् फॉरवर्ड नेमकं तिथंच फिरतंय. अर्थिंगवर पैसे वाचवायला जाऊ नका एवढंच सांगतो, ओल्या अंगानं नळाला हात लावणार तुम्हीच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईट तोडणारा स्विच, तो पण घालून घ्या, जमलं तर पूर्ण घराला.

अन् ते साडेचार किलोवॅटवाले मोठे इन्स्टंट मिळतात ना, ते तर प्लगवर लावायचेच नाहीत, जवळपास २० अँपिअर जातात, त्याला चार स्क्वेअर एमएमची तार अन् वेगळी एमसीबी, सरळ जोडणी. शिवाय महावितरणचा मंजूर भार, म्हणजे किती किलोवॅटपर्यंत ओढायची परवानगी, किती आहे ते बिलावर बघा आधी.

आता ४० टक्क्यांची बात. मला ह्याच्यातच जास्त मजा वाटली, कारण हा आकडा कुठनं आला असावा ते कळतंय. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा एक आकडा आहे, जिथं रोज ४१ गॅलन, म्हणजे दीडशे-एक लिटरपर्यंत गरम पाणी लागतं तिथं टँकलेस २४ ते ३४ टक्के फायद्यात राहतो, अन् ८६ गॅलनच्या आसपास वापर गेला की तोच फायदा ८ ते १४ टक्क्यावर येतो. म्हणजे ह्या दोन्ही आकड्यात पण ४० नाहीच. अन् तिथं गिझर म्हणजे काय, तर तळघरात नाहीतर गॅरेजात उभी असलेली दीडशे-दोनशे लिटरची टाकी, रात्रंदिवस चालू, कुणी नळ सोडो न सोडो, पाणी तापलेलंच. ती टाकी चोवीस तास उष्णता गमावत बसते, टँकलेसमध्ये वाचते ती तीच. आपल्याकडं कोण ठेवतो गिझर रात्रभर चालू? आपल्या घरी बटन दाबलं की आई स्वयंपाकघरातून ओरडती, "झालं का रे, बंद कर!" आपला गिझर १५ लिटरचा, चालू असतो अर्धा तास. जे वाया जातच नाही ते वाचणार कुठनं?

गणित साधं आहे. २० लिटरची बादली २० डिग्रीनं तापवायला साधारण ०.४६ युनिट लागतं, मग टाकी असो, नसो, कंपनी कुठली का असेना. चार माणसं, चार बादल्या, रोजचं १.८६ युनिट, महिन्याला ५६ च्या घरात. टाकीवाल्यात वर तोटा काय, तर शेवटी टाकीत उरलेलं पाणी थंड होतं तेवढा, १५ लिटर पूर्ण गरम उरलं तरी अर्धं-पाऊण युनिट, अन् शेवटचा माणूस आत गेल्यावर बटन बंद केलं की तोही निम्म्यावर. दिवसभर बटन चालू विसरणारं घर असेल तर मात्र इन्स्टंट घ्या, तुमच्यासाठी खरंच फायद्याचाय. बिल वाढतं ते भलत्याच कारणानं, महावितरणचा स्लॅब. उन्हाळा सोडून तुमचं ९० युनिट येत असेल अन् गिझरचे ५६ त्यात पडले तर शंभराच्या वरच्या सगळ्या युनिटला दर जवळपास दुप्पट. टाकी काढून फेकल्यानं स्लॅब बदलत नाही.

"कितीही जण अंघोळ करा." हे लिहिणाऱ्यानं डिसेंबरात परभणीत अंघोळ केलेली नाही. इथं विद्यापीठाच्या हवामान केंद्रावर पारा एक आकड्यावर येतो अन् गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी सकाळी हाताला चावतं. ते १५ डिग्रीवरून ४० वर न्यायचं म्हणजे २५ डिग्री, ३ किलोवॅटमध्ये मिनिटाला पावणेदोन लिटरच्या आत पाणी मिळतं, बादली भरायला साडेअकरा मिनिटं. नळ जास्त सोडला की कोमट. गरम पाणी संपत नाही हे खरंच, पण येतं कसं, तर सलाईनसारखं. शॉवरचं तर नावच नको. अन् ते पण व्होल्टेज पूर्ण असल्यावर. भावाच्या गावाकडं, जिंतूरच्या अलीकडं, रब्बीत मोटारी सुरू झाल्या की घरात १८० व्होल्ट. ३ किलोवॅटचं कॉईल १८० वर १.८ किलोवॅटच देतं, कारण व्होल्टेज जेवढं पडतं त्याच्या वर्गानं ताकद पडते. तीच बादली मग १९ मिनिटाला. चार माणसं म्हणजे सव्वा तास, पोरांची शाळेची गाडी गेली निघून. टाकीवाला निदान पाच वाजता चालू करून ठेवता येतो, लाईट गेली तरी तापलेलं पाणी टाकीत राहतं अन् त्यात विसण घालून दोघांचं भागतं. इन्स्टंटचं काय, लाईट गेली, डोक्याला साबण, संपलं. इन्व्हर्टरवर चालतो का असं एकानं विचारलं, नाही चालत, घरातल्या साध्या इन्व्हर्टरची ती ताकद नाही.

मेंटेनन्स शून्य, हे तर लातूरच्या माणसाला पाठवायची हिंमतच कशी झाली. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या शहरात लोक बोअर अन् टँकरवर दिवस काढतात हे दाजींना मी काय सांगू. आपला दगड काळा, बोअर खोल, पाणी जड. चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो तोच कॉईलवर बसतो, अन् थर बसला की उष्णता पाण्यात जायच्या ऐवजी कॉईलमध्येच कोंडते, कॉईल फुटतं. टँकलेसची वाट बारीक, म्हणून त्यातनं पाणी येणं आधी कमी होतं. माझं पहिलं कॉईल पंधराव्या महिन्यात गेलं, खोलून बघितलं तर खडूच्या कांडीसारखं. आता दरवर्षी दिवाळीच्या आत खोलून साफ करून घेतो. २० वर्षं म्हणे.

राहिला गॅसचा. सिलिंडर चार महिने जातो का? १४.२ किलो गॅस, किलोमागं साधारण १०,८०० किलोकॅलरी, त्यातली ८० टक्के पाण्यात गेली असं धरा. वरच्याच चार बादल्यांना रोज १६०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे बरोबर अडीच महिने, अन् कडक थंडीत दोनच. पैशाचं म्हणाल तर एक सिलिंडर म्हणजे १४० युनिट विजेएवढं गरम पाणी, नऊशे रुपये धरले तर युनिटला साडेसहाच्या आत. ज्याचं बिल शंभर युनिटच्या वर पळतंय त्याला गॅस स्वस्त पडतो, हे मी नाकारत नाही, अन् बादली पण चार-पाच मिनिटात भरते. पण बसवायचा खर्च इथं पण लपवलाय. गिझर पाच हजाराचा, दुसरा सिलिंडर घेतला तर डिपॉझिट २२००, वर रेग्युलेटर, पाईप, प्लंबर. अन् एकमजली घर असेल, टाकी डोक्यावर दहा फुटावर, तर प्रेशर इतकं कमी की बर्नर पेटतच नाही, नुसता टकटक करत बसतो, मग प्रेशर पंप आला.

अन् "बाथरूममध्येच बसतो" ह्या दोन शब्दांसाठी ते फॉरवर्ड डिलीट करायला पाहिजे. एक किलो गॅस जळायला १२-१३ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटरवाला गिझर दहा मिनिटात दीडशे ग्रॅम गॅस जाळतो, त्याला दोन घनमीटर हवा. चार बाय पाचच्या न्हाणीत, आठ फूट उंची धरली तर, एकूण हवाच साडेचार घनमीटर. दार लावलेलं, खिडकी बंद, दहा मिनिटात निम्म्याच्या जवळपास हवा गिझर खातो, मग जाळ अर्धवट जळतो अन् कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडर लीक झाला की जो घाण वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, जळून झालेल्या ह्या वायूला तो नसतो. रक्तात तो ऑक्सिजनच्या दोनशे पट जोरानं चिकटतो, माणसाला वाटतं चक्कर आली, पाय गळाले, अन् कडी आतून लावलेली. अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात अन् लोक म्हणतात शॉक बसला असेल. गॅस गिझर बाहेरच्या भिंतीला लावायचा, मोकळ्या हवेत, आत फक्त पाण्याचा पाईप. पाईप लांबला तर सुरुवातीचं लिटरभर पाणी थंड येतं, येऊ द्या, झाडाला घाला.

तर दाजी, तुम्ही विचारलं घ्यायचा का. लाईटचा घ्यायचा तर आधी न्हाणीतल्या तारेचा फोटो पाठवा, बोर्ड उघडून. गॅसचा घ्यायचा तर मागल्या बोळीतल्या भिंतीवर जागा बघून ठेवा. अन् मागच्या जानेवारीत थंडी येते म्हणून न्हाणीच्या खिडकीला तुम्ही टीव्हीचा खोका चिकटवलाय, मी बघितलाय, तो आजच काढा.