छेदात किती पोरं?

आमच्या बेळगावात कुलगुरूंचा विषय निघाला की आधी नावाचाच घोळ होतो. महाराष्ट्राच्या हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूरकडं गेलं की कुलपती म्हणजे राज्यपाल. आमच्याकडच्या कन्नड पेपरात मात्र वर्षानुवर्षं व्हाइस चान्सलरलाच, म्हणजे कुलगुरूलाच, कुलपती म्हणत आलेत. कुलगुरूंची मुदतही तिकडं ५ वर्षं, इकडं ४.

परवा मामा शिवाजी विद्यापीठाच्या डी. टी. शिर्के सरांवर घसरले. सर संख्याशास्त्राचे प्राध्यापक. आधी प्र-कुलगुरू होते, ऑक्टोबर २०२० मध्ये ५ वर्षांसाठी कुलगुरू झाले. मामांचं म्हणणं, "एवढा शिकलेला माणूस सह्या करायला कशाला बसवायचा? वर्गात राहिला असता तर चार पोरं घडली असती की." मामांच्या बाजूनं बोलायचं तर हुजूरबाजार सर आठवतात. जन्म कोल्हापूरचा, पीएचडी केंब्रिजची, आणि १९५३ पासून पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. असा माणूस वर्गाजवळच हवा, हे मान्य.

तरीही मला वाटतं, त्या खुर्चीत मधूनमधून आकडेवाला बसायलाच हवा.

मी स्वतः बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स घेतलेलं. पहिल्या वर्षाला आम्ही ३२ जण. निम्म्याहून जास्त खानापूर, निपाणीकडच्या खेड्यातले, दहावीपर्यंत मराठीत शिकलेले. कॉलेजात पुस्तकं इंग्रजी, ऑफिसातली नोटीस कन्नड. घराकडची शेवटची एसटी चुकू नये म्हणून प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळायचं. तिसऱ्या वर्षी परीक्षेला बसलो ११. पास झाले १०. गेटवर बॅनर लागला : निकाल ९१ टक्के!

खोटं काहीच नव्हतं हो त्यात. भागाकार ११ नं केला होता, एवढंच. ३२ नं केला असता तर ३१ टक्के आले असते. मधली २१ पोरं कुठं गेली, हे कुणी विचारलंच नाही. त्यातला एक आज तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो. वर्गात सगळ्यात झटपट तोंडी गणित तोच करायचा.

अंशाकडं सगळे बघतात. छेदात काय धरलंय, हा प्रश्न संख्याशास्त्राच्या माणसाच्या तोंडी पहिल्यांदा येतो. निदान यायला हवा. २०२१ मध्ये शिवाजी विद्यापीठाला नॅकचं (कॉलेजं-विद्यापीठं तपासून दर्जा ठरवणारी संस्था) ए प्लस प्लस मिळालं, ४ पैकी ३.५२ गुण. कौतुक आहेच. पण मी कुलगुरू असतो (हसू नका) तर पहिला हुकूम काढला असता : निकालाच्या बॅनरवर पहिल्या वर्षाचे प्रवेश त्याच अक्षरात छापा. नाका ओलांडून इकडं राणी चन्नम्मा विद्यापीठातही तोच.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू त्या १० मधला ना रे?"

नाही. ११ पैकी जो राहिला, तो मीच. पुढच्या खेपेला सुटलो.